गीत : एक शब्द, अनेक अर्थ

'गीत' हा शब्द आपल्या नित्य वापरातला आहे. प्रवेशगीत, अर्पणगीत, नाताळगीत असे त्याचे समास दर रविवारी कानांवर पडतात. मात्र गीत, गाणे, गान, भजन, स्तोत्र हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास ठेवतो आणि त्यातून अर्थाचा घोटाळा होतो. कधीकधी तो घोटाळा उपासनेतही शिरतो. म्हणून या शब्दांची कुळे व छटा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संस्कृतातील 'गै' या धातूपासून 'गीत' हे धातुसाधित झाले. 'जे गायिले गेले ते गीत' हा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे कंठातून उमटल्यावाचून गीताला गीतपण नव्हते. मराठीने हा अर्थ जवळजवळ उलटा केला. आज आपण कवीने लिहिलेल्या शब्दांना गीत म्हणतो, ते लिहिणारा गीतकार आणि गाणारा गायक. 'गीता' व 'गाथा' हे याच धातूचे शब्द. गाथा हा वैदिक काळापासूनचा शब्द असून महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'त तो एकेका पद्याला लावलेला आहे. मराठीत मात्र तुकोबांची गाथा म्हटले की अभंगांचा संपूर्ण संग्रह डोळ्यांपुढे येतो. 'गीती' ही आणखी निराळी. ते एक मात्रावृत्त आहे. मोरोपंतांच्या ज्या रचनांना आपण आर्या म्हणतो, त्यांतील बहुसंख्य वस्तुतः गीती आहेत.

'संगीत' म्हणजे सम् + गीत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात गीत, वाद्य आणि नृत्त या तिघांना मिळून संगीत म्हटले आहे. आज 'गीत अमुक, संगीत तमुक' असे छापले जाते तेव्हा संगीत म्हणजे केवळ चाल व वाद्यमेळ एवढाच अर्थ उरतो.

'गाणे' हा शब्द मराठीत क्रियापदही आहे आणि नामही. गाणे म्हणजे एक रचना, तसेच गाणे म्हणजे अवघी कला. 'त्यांचे गाणे ऐकले' असे जाणकार म्हणतो तेव्हा त्याला एखादी चीज अभिप्रेत नसते, गायकाची सारी गायकी अभिप्रेत असते. 'गायन' हा कृतीचा शब्द, 'गान' अधिक काव्यमय. येथे हिंदीमुळे गोंधळ होतो. 'जन गण मन'ला मराठीत राष्ट्रगीत म्हणतात, तर हिंदीत राष्ट्रगान. हिंदीत राष्ट्रगीत म्हणजे 'वंदे मातरम्'. महाराष्ट्र शासनाने 2023 साली राजा बढे यांचे 'जय जय महाराष्ट्र माझा' स्वीकारले, तेव्हाही 'राज्यगीत' हाच शब्द योजला.

ओवी, अभंग, पद, भूपाळी, पाळणा, पोवाडा, लावणी, गौळण, भारूड ही यादी लांबवता येईल, पण हे पर्याय नव्हेत, प्रकार आहेत. त्यांतील ओवीपाशी मात्र थांबले पाहिजे. एक ओवी ग्रंथांची आणि एक जात्यावरची. जात्यावरची ओवी बायकांची. दळता दळता ती रचली गेली आणि मुखोद्गत राहिली. हेमा राईरकर व गी प्वातव्हें यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. पिठाच्या गिरण्या आल्या तसा तो स्वर घराघरांतून मावळला. ग्रंथांच्या ओवीशी ख्रिस्ती साहित्याचे नाते फार जुने आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी इंग्लंडातून गोव्यात येऊन सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. परदेशी धर्मगुरूने आपल्या भाविकांसाठी निवडलेला छंद त्यांच्या कानांना आधीच परिचित होता, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

'भजन' हा शब्द काहींना आजही परका वाटतो. त्याचा धातू 'भज्' आहे. वाटून घेणे, सहभागी होणे, सेवा करणे असे त्याचे अर्थ. भाग आणि भक्ती हे त्याचेच सगेसोयरे. सहभागाने गाण्यास याहून समर्पक शब्द आम्हांला तरी ठाऊक नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919) यांनी भजन व कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजविले, त्यामागे हीच जाण होती. कीर्तन मात्र केवळ गाणे नव्हे. त्यात निरूपण व आख्यान आहे.

आता 'स्तोत्र'. बायबलमधील 150 स्तोत्रांच्या पुस्तकाला हिब्रूत 'तहिल्लीम' म्हणजे स्तुती असे नाव आहे. ग्रीक 'प्साल्मोस'चा संबंध तारा छेडण्याशी आहे, आणि सत्तावन्न स्तोत्रांच्या शीर्षकात येणारा हिब्रू 'मिझ्मोर' हा शब्दही वाद्यांच्या साथीने गायिलेल्या गीताचा मानला जातो. मराठी 'स्तोत्र' 'स्तु' म्हणजे स्तुती करणे या धातूपासून आले. ते पुस्तकाच्या नावाला शोभते, पण आशयाला अपुरे पडते. कारण या पुस्तकात सर्वांत मोठा गट विलापगीतांचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला स्तुती कसे म्हणावे? कोकणात देवापुढे घातले जाते ते 'गाऱ्हाणे' येथे अधिक जवळचे वाटते. ('गाऱ्हाणे' कानाला 'गाणे'सारखे लागते, पण त्याचे कूळ 'गर्हा' म्हणजे निंदा, दोष देणे, हे आहे. 'रडगाणे' मात्र खरोखरच गाण्याच्या घरचे.) अंत्यविधीच्या मिस्सेत आपली गायनमंडळे आशा-आनंदाचीच गीते निवडतात. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला आपले दुःख देवापुढे गाऊन सांगण्याची मुभा बायबलनेच दिली आहे. एकशे तिसावे स्तोत्र अशा वेळी अवश्य गावे.

शब्दभेदाचा आणखी एक व्यावहारिक परिणाम आहे. पहिल्या वाचनानंतर प्रतिसाद स्तोत्राच्या जागी एखादे लोकप्रिय भक्तिगीत म्हणण्याची सवय अनेक ठिकाणी पडली आहे. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये, परिच्छेद 61 मध्ये, यास स्पष्ट मनाई आहे. मान्यताप्राप्त छंदोबद्ध स्तोत्र चालते, दुसरे गीत चालत नाही. गीत कितीही गोड असले तरी त्या जागी देवशब्दच असतो आणि भाविक त्याला देवाच्याच शब्दांनी उत्तर देत असतात. प्रवेशाला वा अर्पणाला गीत निवडण्याची मोकळीक आहेच.

राहता राहिला 'कॅरल'. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि तेथे त्याचा अर्थ हात धरून, फेर धरून, गात केलेले नृत्य असा होता. तेव्हा डिसेंबरच्या रात्री ढोलकी घेऊन दारोदार नाचत-गात फिरणाऱ्या मुलांकडे ज्येष्ठांनी कपाळाला आठ्या घालून पाहू नये. शब्दकोश त्या मुलांच्या बाजूने आहे.