राहिलेल्या रोज्यांचा हिशेब

मंडळी, रबाळ्यात बोलतोय, तर सुरुवात इथूनच करू. या औद्योगिक पट्ट्यात उत्तरेकडून आलेले मुसलमान कामगार बहुतेक हनफी परंपरेतले. कोकणी मुसलमान शाफिई. रमजान एकच, पण सुटलेल्या रोज्याचा हिशेब दोघांचा वेगळा.

शाफिई परंपरा कोकणात समुद्रावरून, अरब व्यापाऱ्यांसोबत आली. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी चौलला आला, तेव्हा तिथं सुमारे 10,000 मुसलमान असल्याचं त्यानं लिहिलंय. सिराफ, ओमान, बसऱ्याकडचे. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372-1431) याच परंपरेतले. उत्तरेत तुर्की सत्तांबरोबर हनफी मत रुजलं.

कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय की आजारी माणसानं, प्रवाशानं सुटलेले रोजे इतर दिवसांत धरावेत. याला कजा म्हणतात. पण हे इतर दिवस कधीपर्यंत? पैगंबरांच्या पत्नी आयेशा आपले राहिलेले रोजे शाबानमध्ये, म्हणजे पुढच्या रमजानच्या आदल्या महिन्यात पुरे करीत, अशी हदीसमध्ये नोंद आहे. शाफिईंनी त्यात मुदत पाहिली. कारण नसताना पुढचा रमजान येऊ दिला, तर रोजा धरायचाच, शिवाय दिवसामागे एक मुद्द, म्हणजे दोन्ही हातांची ओंजळभर धान्य गरिबाला द्यायचं. धान्य कुठलं? त्या मुलखात रोज खातात ते. म्हणजे कोकणात तांदूळ! हनफी म्हणतात, उशीर झाला तरी नुसता रोजा पुरे.

नफिल, म्हणजे ऐच्छिक रोज्यात मात्र पारडं उलटतं. शव्वालचे सहा घ्या, सोमवार-गुरुवारचे घ्या. असा रोजा मध्येच सोडला, तर हनफी म्हणतात, एकदा सुरू केलंत की बांधले गेलात, भरून द्या. शाफिई म्हणतात, स्वेच्छेचं ते शेवटपर्यंत स्वेच्छेचंच. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण वचन आणि बंधन यांवरचा इतका नेमका वाद वर्गात क्वचितच रंगला.

आणि कजाचा हा हिशेब मुख्यतः बायकांचा आहे, बरं का. पाळीच्या दिवसांतली नमाज माफ. रोजे मात्र नंतर धरायचे. फकीहांनी दिलेलं कारण व्यवहारी आहे: नमाज दिवसातून पाचदा, रमजान वर्षातून एकदा. त्यात गरोदरपण, अंगावर पाजणं. बाळाच्या काळजीनं रोजा सोडला, तर शाफिई मतात कजाबरोबर धान्यही आलं. हनफींत नुसती कजा. रमजानमध्ये सगळं घर सोबतीला असतं. कजाचा रोजा एकटीचा. घर जेवतंय आणि ती वाढतेय. थंडीत धरला तर आपल्याकडे दिवस जूनपेक्षा दोन तासांहून थोडा अधिक लहान, तेवढीच सवलत. मुद्दाचं माप ग्रंथांत आहे. चार-पाच लेकरांच्या आईनं असे किती दिवस फेडले, ते विचारायचं तर घरातल्या दादीलाच विचारावं लागेल.