‘सुरक्षित आहे’ हे कोणी म्हणायचे?

नागावच्या किनाऱ्याला उत्तरेस तारापूर आहे, दक्षिणेस जैतापूर. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, जैतापूरला आणायचे आहे. मध्ये राहणाऱ्या आम्हाला दोन्हीकडून एकच वाक्य ऐकवले जाते: काळजी करू नका, सगळे सुरक्षित आहे.

अशी वाक्ये आमच्या जिल्ह्याला नवी नाहीत. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तळे मात्र बंदच राहिले. कागद खरा की तळे खरे, हे पाहायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह पाण्यापर्यंत चालत जावे लागले. तेव्हापासून नुसत्या कागदावर विसंबायची आमची सवय गेली.

जपानमध्येही कागद चोख होते. टोकियो इलेक्ट्रिक पॉवर म्हणजे टेपको या कंपनीने तपासणीच्या नोंदींत फेरफार करून भट्ट्यांमधील तडे लपवल्याचे २००२ साली उघड झाले. वरिष्ठांनी राजीनामे दिले, सतराच्या सतरा भट्ट्या तपासणीसाठी बंद ठेवाव्या लागल्या. पुढे काय सुधारले? ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा घडले. भट्टीतील इंधन वितळल्याचे कंपनीने मान्य केले ते मे महिन्यात. ‘वितळले’ हा शब्दच वापरू नका, असा आदेश तेव्हाच्या अध्यक्षांनी दिला होता, हे २०१६ साली बाहेर आले. आणि सफाईला कोण गेले? बहुतेक कंत्राटदारांची माणसे. एका उपकंत्राटदाराने तर कामगारांना किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर शिशाचे झाकण लावायला सांगितले. आकडा कमी दिसावा म्हणून! माणसाच्या अंगात जायचे ते जातच होते.

“ती खासगी कंपनी, आपले केंद्र सरकारी,” असे काही मित्र म्हणतात. बाबासाहेबांनीही मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये केली, याची आठवण करून देतात. बरोबर आहे. पण राज्याची मालकी म्हणजे जनतेची मालकी ना? मग मालकालाच वही बघायची बंदी का?

आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने १९९५ साली देशातील केंद्रांच्या सुरक्षेतील सुमारे १३० त्रुटींचा अहवाल तयार केला. अध्यक्ष होते ए. गोपालकृष्णन. तो गुप्त ठेवला गेला. नागरी हक्क संघटना न्यायालयात गेल्या. १९६२ च्या कायद्यातील कलम १८ पुढे करण्यात आले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सरकारची बाजू मान्य केली. ज्या मंडळाने लक्ष ठेवायचे ते तेव्हा अणुऊर्जा आयोगालाच जबाबदार होते, आणि आयोगाचा अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचा सचिव. घरातल्यानेच घरातल्याचा पंचनामा करायचा! मंडळाला तेव्हा कायदेशीर स्वातंत्र्य नव्हते, हे आम्ही एकटेच म्हणत नाही. कॅगने २०१२ च्या अहवालात लिहिले आहे.

फुकुशिमानंतर पाच आठवड्यांनी, १८ एप्रिल २०११ रोजी, जैतापूरजवळच्या साखरी नाटे गावात लोक प्रकल्पाला विरोध करायला जमले. पोलिसांनी गोळीबार केला, एक तरुण मेला. मच्छीमारांचे गाव ते, नागावच्या कोळीवाड्यासारखेच.

१९९५ च्या त्या अहवालात तारापूरबद्दल काय लिहिले होते, एवढे आधी दाखवा. विश्वासाचे नंतर बोलू.