यरुशलेम, पार्थिव व स्वर्गीय

ख्रिस्ती करारविषयक धर्मशास्त्रातील प्रतीकांची जोडी. ऐतिहासिक यरुशलेम हे सीनाय पर्वतावरील जुन्या कराराचे, तर स्वर्गीय किंवा नवे यरुशलेम हे ख्रिस्ताद्वारे झालेल्या नव्या कराराचे व त्याच्या अंतिम पूर्ततेचे प्रतीक मानले जाते.

दावीद राजाने यबूसी लोकांकडून यरुशलेम जिंकून तेथे राजधानी केली व कराराचा कोश आणला. पुढे शलमोनाने मंदिर बांधले. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोन्यांनी नगर व मंदिर उद्ध्वस्त केल्यावर भावी, आदर्श नगराची कल्पना बळावली. यशयाच्या ग्रंथात रत्नांच्या पायावरील नगराचे, तर यहेज्केलाच्या अखेरच्या अध्यायांत बारा वेशींच्या नगराचे वर्णन येते.

दोन्ही नगरांची करारांशी स्पष्ट सांगड पौलाने गलतीकरांस पत्रात (अध्याय ४) घातली. अब्राहामाची दासी हागार म्हणजे सीनायचा करार व तत्कालीन यरुशलेम. त्याची स्वतंत्र पत्नी सारा म्हणजे वरचे यरुशलेम, विश्वासणाऱ्यांची माता, असे हे रूपक आहे. यहुदी स्वतःला सारेचे वंशज मानत. पौलाने मात्र नियमशास्त्राचे नाते हागारेशी जोडले. यहुद्येतर ख्रिस्ती लोकांनी सुंता करून घ्यावी, असा आग्रह धरणाऱ्यांविरुद्ध हा युक्तिवाद होता. रोमनांनी इ. स. ७० मध्ये मंदिर पाडले, त्यापूर्वीच हे पत्र लिहिले गेले. त्यामुळे स्वर्गीय नगराची ख्रिस्ती कल्पना केवळ त्या विध्वंसातून उपजली, असे म्हणता येत नाही. इब्री लोकांस पत्रात सीनायचा धगधगता डोंगर व सियोनावरील जिवंत देवाचे नगर समोरासमोर ठेवले असून, अब्राहामही अशाच नगराची वाट पाहत होता, असे म्हटले आहे.

प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात नवे यरुशलेम स्वर्गातून पृथ्वीवर उतरते. त्याची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किमी. आहे. शलमोनाच्या मंदिरातील परमपवित्रस्थानही असेच घनाकृती, २० हातांचे होते. नियमशास्त्राप्रमाणे तेथे केवळ प्रमुख याजक वर्षातून एकदा जाई. येथे मात्र अवघे नगरच परमपवित्र झाले असल्याने वेगळे मंदिर नाही आणि वेशी कधी बंद होत नाहीत. वेशींवर इस्राएलाच्या बारा वंशांची व पायांवर बारा प्रेषितांची नावे आहेत. दोन्ही करारांची प्रजा अशा रीतीने एकाच नगरात सामावते.

ऑगस्टीनने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथात पार्थिव यरुशलेमला स्वर्गीय नगराची छाया म्हटले. जॉन कॅसियनने यरुशलेमचे चार अर्थ सांगितले: ऐतिहासिक नगर, ख्रिस्तमंडळी, मानवी आत्मा व स्वर्गीय नगर. सतराव्या शतकात योहानेस कोक्सेयुस प्रभृती सुधारित परंपरेच्या धर्मशास्त्रज्ञांनी कृपेचा करार एकच असून त्याची जुनी व नवी अशी दोन रूपे आहेत, असे मांडले. जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' (१६७८) मधील यात्रिकाचे गंतव्यही स्वर्गीय नगर आहे. हरि केशवजींच्या 'यात्रिकक्रमण' (१८४१) या अनुवादातून हे रूपक मराठीत आले.

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीच्या युगविभागवादी पंथाने, इस्राएलला दिलेली अभिवचने शब्दशः पूर्ण व्हायची आहेत, असे प्रतिपादले. त्यामुळे पार्थिव यरुशलेमला पुन्हा भविष्यकालीन महत्त्व आले. दुसरीकडे, पौलाच्या रूपकाचा आधार घेऊन यहुद्यांचा करार रद्द झाला असे मानण्याच्या प्रवृत्तीवर विसाव्या शतकात टीका झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या घोषणापत्राने, देवाने यहुदी लोकांना दिलेली दाने व पाचारण मागे घेतलेले नाही, अशी भूमिका घेतली.