मॉरिशसचा ऊस आणि मराठी हात

भीमेच्या काठी, शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर वसलेल्या वडगाव रासाईच्या परिसरात, न्हावरे आणि पाटस येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यापासून, गळिताच्या हंगामात बीड-पाथर्डीकडील टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन उतरतात, आणि कोयत्याची मजुरी त्या उचलीत वळती होत जाते. हा व्यवहार ज्याने जवळून पाहिला असेल त्याला, एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांची हकिकत परकी वाटणार नाही.

1825 मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकीच केली, आणि त्या इवल्या बेटावरील मळेवाल्यांना अपरिमित लाभाची दारे उघडली. परंतु 1 फेब्रुवारी 1835 रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येताच ऊस तोडणार कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी आधीच शोधून ठेवले होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाजातून 36 भारतीय मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, आणि पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे त्या मार्गाने गेली. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबईचा वाटा लहान. तथापि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या मुलखांतील पुष्कळ कुटुंबे त्यात होती. 1825 च्या सुमारास जेमतेम अकरा हजार टन असलेले त्या बेटाचे साखरेचे उत्पादन 1850 च्या दशकाच्या मध्यास लाख टनांच्या पलीकडे गेले, ते या माणसांच्या बळावर. तीच साखर पुढे ‘मोरस’ या नावाने मुंबईच्या पेठांत विकली जाई, म्हणजे मराठी मजुराच्या घामाची साखर मराठी गिऱ्हाईक दाम मोजून घेत असे.

या श्रमाचा मोबदला काय होता? पाच वर्षांचा गिरमिट (मजुरीचा करार), पुरुषास महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावा, असा दंडक होता; आजारपणही त्यातून सुटत नसे. मुदत भरून मोकळ्या झालेल्या मजुरालाही 1867 च्या कायद्याने स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसल्यास भटक्या ठरवून अटक होई. मला या सर्व इतिहासात हा परवाना सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण करार संपल्यावरही माणूस मोकळा नाही, असेच सरकारने त्यातून लिहून दिले होते. आदॉल्फ द प्लेविट्झ या युरोपीय मळेवाल्याने 1871 मध्ये हजारो मजुरांच्या वतीने गव्हर्नराकडे अर्ज केला, त्यातून शाही चौकशी आयोग बसला आणि जुलुमाची बरीचशी रुजुवात झाली. गिरमिटाची प्रथा समूळ जाण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

भारतीय उद्योगाने परदेशाची अर्थव्यवस्था घडविल्याचा विषय निघाला, की आपल्याकडील लेखक पुणे जिल्ह्यातील वालचंदनगराकडे बोट दाखवितात. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी 1930 च्या दशकात साखर कारखाना उभारला, आणि पुढे तेथे घडलेली साखर कारखान्यांची यंत्रसामग्री आफ्रिका आणि आशियातील देशांत गेली, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु हा हिशेब त्याहून शंभर वर्षे मागून मांडला पाहिजे, आणि तोही केवळ मजुरीचा म्हणून नव्हे. 1880 नंतर साखरेचे भाव कोसळून मळेवाले अडचणीत आले, तेव्हा त्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकावयास काढले. ते विकत घेणारे बहुतेक गिरमिटातून सुटलेले मजूर आणि त्यांची मुले होती. पाच रुपयांतून वाचविलेल्या पैशाने, हप्त्याहप्त्याने, पुष्कळदा कर्जाच्या बोज्याखाली त्यांनी या जमिनी सोडवून घेतल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर बेटावरील उसाखालच्या क्षेत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा भारतीयांच्या हाती आला होता, आणि ज्या गिरण्यांच्या मालकांनी त्यांना मजूर म्हणून आणले होते, त्या गिरण्या आता त्यांच्याकडून ऊस विकत घेत होत्या.