तळटीप : ग्लुकोमीटरची पट्टी

१४. यंत्र ‘साखर मोजते’ असे लेखक म्हणतात. प्रत्यक्षात मोजला जातो तो विद्युतप्रवाह. पट्टीवरच्या इलेक्ट्रोडवर एन्झाइमचा पातळ थर वाळवलेला असतो. तो ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो. ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचले की प्रवाह वाहतो. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. या कल्पनेचे मूळ लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांच्या १९६२ सालच्या लेखात आहे. प्राणवायू मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम पडद्याआड कोंडायचे आणि ग्लुकोजशी होणाऱ्या त्याच्या अभिक्रियेत किती प्राणवायू खर्ची पडला त्यावरून साखर ठरवायची, अशी ती रीत. पण नमुन्यातला प्राणवायूच कमीजास्त झाला तर आकडा चुकतो. त्याऐवजी अभिक्रियेत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजावे, तर त्यासाठी लागणाऱ्या विद्युतदाबाला क जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि पॅरासिटामॉलही इलेक्ट्रॉन देऊ लागतात आणि आकडा फुगतो. १९८४ साली ब्रिटनमधील ऑक्सफर्ड व क्रॅनफील्ड येथील संशोधकांनी ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर फेरोसीनचे संयुग चढवून यातून वाट काढली. एन्झाइमच्या गाभ्यातले इलेक्ट्रॉन हे संयुग कमी दाबालाच इलेक्ट्रोडपर्यंत पोचवते. प्राणवायूवर फारसे विसंबावे लागत नाही. या तत्त्वावरचे पेनाएवढे यंत्र १९८७ साली बाजारात आले. एन्झाइमचा थर दमट हवेने बिघडतो. म्हणून पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी आणि मुदत उलटलेली पट्टी वापरू नये. — संपादक