डिझेल कीं हायब्रीड : निलंग्याच्या वाटेवरील एक हिशेब

‘हायब्रीड’ हा शब्द मराठवाड्याच्या शेतकऱ्यास मोटारीमुळें कळला नाहीं. तो ज्वारीमुळें कळला. 1964 सालीं सी. एस. एच. 1 ही संकरित ज्वारी प्रसृत झाली आणि पुढें खरिपाच्या रानांतून तिचा प्रसार झाला. उतारा भरघोस, परंतु भाकरीस गोडी नाहीं व कडबा तोकडा, अशी तक्रार घरोघरीं ऐकूं येई. डिझेलची ओळखही शेतांतूनच झाली. 1946 सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि विजेचे खांब पोंचण्यापूर्वीं पुष्कळ विहिरींवर तेलाचीं इंजिनें धडधडूं लागलीं. आज हे दोन्ही शब्द मोटारीच्या दुकानांत समोरासमोर उभे ठाकले आहेत, आणि एकदां घेतलेली गाडी दहा-पंधरा वर्षें बाळगणाऱ्या कुटुंबास त्यांतून एकाची निवड करावी लागते.

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गांवीं हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. लातूर सुमारें पन्नास किलोमीटर. मोठा दवाखाना, मुलांचें शिक्षण, कोर्टकचेरी हीं सर्व त्या वाटेवर. पुणें वा हैदराबाद गांठावयाचें तर दिवसाचा बराच भाग रस्त्यांतच जातो. अशा गाडीचें पहिलें मोल एकदांच द्यावें लागतें. इंधनाचें मोल मात्र रोज द्यावें लागतें.

पुष्कळांचा समज असा कीं, डिझेलची मोटार जुनी व हायब्रीड नवी. इतिहास उलट सांगतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरानें आपल्या कल्पनेचें पेटंट 1892 सालीं मागितलें व 1897 सालीं ऑग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी झालें. ठिणगीची गरज नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं ती तापून तेल आपोआप पेट घेईल, हें त्याचें मर्म. इंधनाची काटकसर त्यांतूनच आली. पण तें इंजिन अवजड; कारखान्यांत व जहाजांत तें शोभलें, आणि विकण्याजोग्या खासगी मोटारींत बसावयास 1936 साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मर्सिडीज-बेंझची 260 डी ही मोटार निघाली. पेट्रोलचें इंजिन व विजेचें यंत्र यांची सांगड घालणारी मोटार मात्र फर्डिनांड पोर्शे यानें 1900 सालींच लोहनर यांच्या कारखान्यांत उभी केली होती. बॅटरीच्या ओझ्यानें ती मागें पडली ती पडलीच. जपानांत टोयोटाची प्रियस 1997 च्या डिसेंबरांत विक्रीस आली, तेव्हां कोठें त्या कल्पनेस पुन्हां दिवस आले.

महाराष्ट्रांत डिझेलला घराच्या अंगणांत आणलें तें पुण्यानें. 1998 च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. पुढें रांजणगांवास फियाटच्या कारखान्यांत 1.3 लिटरचें तें प्रसिद्ध डिझेल इंजिन तयार होऊं लागलें. परंतु डिझेलच्या गाड्या इतक्या खपल्या याचें श्रेय इंजिनापेक्षां सरकारी भावास अधिक आहे. मालमोटार, एस. टी., ट्रॅक्टर व विहिरीवरील पंप यांस ओझें नको म्हणून सरकार डिझेलचा दर दाबून ठेवी, आणि त्या सवलतीच्या सावलींत खासगी मोटारवालाही जाऊन बसे. जून 2010 मध्यें पेट्रोलचा दर मोकळा झाला, डिझेलचा झाला नाहीं. मे 2012 मध्यें दिल्लींत पेट्रोल 73 रुपयांवर गेलें असतां डिझेल सुमारें 41 रुपयांस मिळत होतें. पेट्रोलची गाडी लिटरला 14 व डिझेलची 18 किलोमीटर चालते असें धरल्यास दर किलोमीटरास जवळजवळ तीन रुपये वांचत. वर्षाकांठीं पंधरा हजार किलोमीटर धांवणाऱ्या गाडीस चव्वेचाळीस हजार! शेतकऱ्याच्या नांवानें दिलेल्या पैशांतून मोटारी पळत होत्या, असें कोणी म्हटल्यास तें खोडून काढणें कठीण आहे.

हा काळ फार टिकला नाहीं. जानेवारी 2013 पासून डिझेल थोडें थोडें वाढूं लागलें. ऑक्टोबर 2014 मध्यें त्याचाही दर मोकळा झाला. 2015 सालीं दोन तडाखे बसले : हरित न्यायाधिकरणानें दिल्ली-परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस बंदी केली, आणि फोक्सवॅगनची धुराच्या चांचणींतील लबाडी उघड झाली. 1 एप्रिल 2020 पासून भारत-सहा हे धुराचे कडक नियम आले. मारुतीनें डिझेल सोडलें, रांजणगांवचें तें इंजिनही त्याच वर्षाच्या आरंभीं थांबलें. ज्यांनीं 2012 सालीं डिझेल सदा स्वस्तच राहणार या भरंवशावर कर्ज काढलें, त्यांचें कर्ज फिटण्याआधींच तो भरंवसा फिटला.

मग आतां हायब्रीडच घ्यावी काय? 2022 सालीं ग्रँड व्हिटारा, हायरायडर व इनोव्हा हायक्रॉस या गाड्या आल्यापासून हा प्रश्न खरोखरीचा झाला आहे. ब्रेक दाबतांना जी शक्ति एरवीं उष्णता होऊन वायां जाते, ती येथें वीज होऊन बॅटरींत सांठते व गाडी पुन्हां हलवितांना उपयोगीं पडते. म्हणजे गाडी जितकी थांबेल तितका लाभ अधिक. पुण्याच्या चौकाचौकांत तो भरपूर. निलंगा-हैदराबादच्या मोकळ्या वाटेवर थोडा. 2024 च्या उत्तरार्धांत मुंबईंत पेट्रोल सुमारें 103 व डिझेल सुमारें 90 रुपये होतें. मोकळ्या वाटेवर मोठी डिझेल गाडी लिटरला 15 व तेवढीच हायब्रीड 16 किलोमीटर जाते असें धरल्यास पंधरा हजार किलोमीटरांत डिझेलवाला साडेसहा हजार रुपये वांचवितो. शहरांत तेच आंकडे 11 व 17 धरल्यास हायब्रीडवाला बत्तीस हजार वांचवितो. जो तालुक्याच्या गांवीं राहून लांबचे पल्ले मारतो, त्यानें शहरवासी मेव्हण्याचें ऐकून डिझेल टाकूं नये. आणि जो लातुरांत वा पुण्यांत बाजार व शाळा एवढ्यापुरतीच गाडी काढतो, त्यानें डिझेलच्या वाटेस जाऊं नये. नव्या डिझेल गाड्यांतील काजळीची गाळणी जवळच्या फेऱ्यांत तुंबते. ती जळून मोकळी होण्यास सलग धांव लागते.

राहिली टिकाऊपणाची गोष्ट. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. टोयोटा आपल्या हायब्रीड बॅटरीची हमी आठ वर्षें वा 1,60,000 किलोमीटर देते. त्यापुढील बॅटरीचा खर्च मालकानें मनांत धरूनच चालावें. नाक्यावरील मिस्त्री नारिंगी रंगाच्या त्या उच्चदाबाच्या तारांस हात लावीत नाहीं, आणि लावूंही नये. पण डिझेलच्या बाबतींत त्याचें जुनें कसब टिकलें आहे असेंही नाहीं. विहिरीवरचें इंजिन पाना व चिंधी घेऊन तो दुरुस्त करी, नव्या मोटारीचें डिझेल इंजिन संगणक जोडल्यावांचून बोलतच नाहीं. दोन्हींसाठीं मोठ्या शहराची वाट धरावीच लागते.

31 जुलै 2024 रोजीं छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन येथें विजेच्या व हायब्रीड मोटारींचा कारखाना काढण्याबद्दल राज्य सरकारशीं सामंजस्य करार झाला. करार करणारी कंपनी टोयोटा किर्लोस्कर मोटर; विहिरीवर तेलाचें इंजिन बसविणारें घराणेंच तिच्यांत भागीदार आहे.