जुन्या वाड्याच्या विटांमधल्या दरजा सिमेंटने भरताय? आधी हे वाचा

जुन्या भिंतीतला चुना झडला की गवंडी सिमेंट सुचवतो. काम झटपट होतं, पण भिंतीचं नुकसान तिथूनच सुरू होतं. जुनी वीट मऊ, पाणी पिणारी. भिंतीतली ओल चुन्याच्या दरजेतून बाहेर पडत असते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल विटेतून निघते, सोबत क्षार येतात आणि काही पावसाळ्यांत विटेचे पापुद्रे सुटतात. दरज शाबूत आणि वीट पोखरलेली, अशा भिंती तुम्हीही पाहिल्या असतील.

काम दिवाळीनंतर काढा. सुटा माल छिन्नी-हातोडीने इंचभर खोल काढा. ग्राइंडर नकोच, विटेच्या कडा जातात. धूळ झाडून भिंत ओली करा.

मालाला मुरवलेला कळीचा चुना १ भाग, चाळलेली वाळू ३ भाग. जोत्याजवळ ओल असेल तर थोड्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड घाला. कळीचा चुना भिजवताना उकळून अंगावर उडतो. म्हणून पाण्यात थोडा थोडा चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. चष्मा, हातमोजे घाला, पोरं लांब ठेवा. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. चुना किमान दोन आठवडे मुरू द्या, न मुरलेले खडे नंतर दरजेत फुगतात.

माल दाबून भरा, विटेच्या तोंडापेक्षा किंचित आत. आठवडाभर ओलं गोणपाट लावा. आधीचं सिमेंट घट्ट बसलं असेल तर ओढून काढू नका, विटा फुटतील. सुटलेलं तेवढंच काढा.